खिडकीत कोण बसते?

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला. त्यातला सगळ्यात काळा मूर्खपणा म्हणजे माझे ब्लाइंड्स. काळा हा शब्द मी विचार करून वापरतेय. त्यांचा रंग कॉफीचा होता आणि नागपूरचा दुकानदार त्यांना 'ब्लॅकआउट' म्हणत होता.

आमचे हे चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झाले आणि आम्ही कंपनीचं क्वार्टर सोडून लाखनीला, हायवेच्या अंगाला स्वतःचं घर बांधलं. कॉलनीत सगळा संसार काळ्या धुळीत झाला. तिथं खिडकीला पडदा लावला की महिन्याभरात त्याचं पायपुसणं व्हायचं, म्हणून मी जुनी पातळंच फाडून टांगायची. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपलं घर झालं की सिरियलमधल्या सासवांच्या घरी असतात तसे, दोरी ओढली की सर्रकन खाली येणारे ब्लाइंड्स लावायचे. पुढे ते भाचीच्या फ्लॅटवर प्रत्यक्ष पाहिले आणि माझं डोकंच फिरलं. भाची रात्रपाळी करते, दिवसा झोपते, म्हणून तिनं असे जाड लावले होते. हे तिनं मला सांगितलंही. मी ऐकलं नाही. मी रंग पाहत होते.

घरातल्या सगळ्या खिडक्यांना मी ते ठोकून घेतले. शेजारणींना चहाला बोलवायचे, भर दुपारी ब्लाइंड खाली सोडायचे आणि विचारायचे, "सांगा बरं, माहा हात दिसते का?"

"नाही वो माय, काहीच नाही दिसत."

मग मी धन्य होऊन ट्यूबलाइट लावायची आणि चहा ओतायची. दुपारी दोन वाजता घरात ट्यूबलाइट लावावी लागते, याला मी तेव्हा श्रीमंती समजत होते.

यांची खोली पश्चिमेकडची. यांनी ब्लाइंडकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची उचलली आणि अंगणात टिनाच्या शेडखाली नेऊन ठेवली. दिवस मे महिन्याचे. वरून टिन तापायचं, खालून जमीन, आणि मध्ये हे.

"आत या ना जी."

"बरं आहे इथंच."

मला वाटलं, आपल्याला न विचारता ब्लाइंड्स आणले म्हणून रुसले. रुसवा काढायला मी आंब्याचा रस केला, तोही त्यांनी शेडखालीच बसून खाल्ला. एका दुपारी मी पाणी घेऊन गेले तर मान एका बाजूला पडलेली. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात दुसऱ्यांदा असं झालं तर निभावेलच असं नाही, त्यांना घरात ठेवा. घरी आलो. दोन दिवस पडून राहिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची बाहेर. मी खुर्ची लपवली तर धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. माणूस उन्हात मरायला बसलाय आणि कारण सांगत नाही. मी भांडले, रडले, शेवटी म्हटलं, हा आत येत नसेल तर अंगणातच धड सावली करावी. म्हणून मी पडदेवालीकडे गेले.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेलच, जिचं नाव कोणाला सांगता येत नाही, पण दुकान डोळे मिटून दाखवता येतं. आमची पडदेवाली हायवेवर, ट्रक थांबतात त्या टपऱ्यांच्या ओळीत बसायची. अंगानं दांडगी, आवाज त्याहून दांडगा. दुकानात बुद्धाची एक तसबीर, पडद्यांचे तागे, बांबूच्या चिका, हिरवी जाळी आणि एक शिलाई मशीन. दारापुढून ट्रक गेला की तिचं बोलणं थांबायचं नाही, फक्त वाढायचं. सगळ्यांना ती 'तू' म्हणायची. तहसीलदाराच्या बायकोलाही.

मी म्हटलं, "हिरवी जाळी पायजे. अंगणात लावायची आहे."

दुसरा कोणी असता तर माप विचारलं असतं. तिनं विचारलं, "तेथी कोण बसते?"

"आमचे हे."

"काहून बसते?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, तुले जाळी विकायची आहे का माहा संसार पाहायचा आहे? ती म्हणाली, "संसार पाहल्याबिगर जाळी कशी विकू? टिनाखाली जाळी लावून टिन थंडं होते का? चाल, मी येतो तुह्यासंगं." आमच्या भागात बायकासुद्धा कधीकधी 'येतो' म्हणतात, आणि ती तर नेहमीच. दुकानाला कुलूप न लावता, शेजारच्या पंक्चरवाल्याला "पाहजो रे" म्हणून ती निघालीसुद्धा.

तिची पाहायची रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती खिडकीकडे पाहायचीच नाही. खोलीत शिरली, माझा ब्लाइंड वर गुंडाळला, खिडकीकडे पाठ करून उभी राहिली, पदर बाजूला घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली.

"का करून राहिली वो?"

"चूप. पाठीले इचारून राहिलो." बराच वेळ अशीच उभी. मग म्हणाली, "डोळ्याले रंग दिसते, वयनी. ऊन पाठीले समजते. हे उतरतं ऊन आहे. आडवं येते. तुह्या त्या छज्ज्याचा काही उपेग नाही, त्याच्या खालून येते ते."

"म्हणून त जाड ब्लाइंड लावला."

"आतून लावला. ऊन काचेच्या आत आलं का ते घरचं झालं. जावयासारखं. मंग त्याच्यापुढं किती बी पडदे टाक, ते बसूनच राहते. त्याले बाहेरच थांबवा लागते."

मी हसले. आमच्या जावयाला हे सांगायचं मी तेव्हाच ठरवलं. पण ती हसत नव्हती. खोलीभर पाहत होती. पलंग, औषधं, भिंतीवरचा खाणीतल्या लोकांचा फोटो, डोक्यावर टोप्या, टोप्यांवर दिवे.

"भाऊ का करत होते?"

"चिखल्याले होते. जमिनीखालच्या खाणीत."

"किती वरसं?"

"सगळी नोकरी तेथीच."

ती आधी खळखळून हसली, हातातल्या बांगड्या वाजल्या. मग एकदम थांबली आणि माझा तो कॉफीचा ब्लाइंड हळूच खाली सोडला. खोली काळी झाली. त्या काळोखातून तिचा आवाज आला, पहिल्यांदाच खालच्या पट्टीत.

"वयनी, तू त त्याईले परत खाली उतरवलं."

मी भिंत चाचपली. ट्यूबलाइटचं बटण कुठं आहे तेही मला सापडेना.

आता माझी अक्कल ऐका. हे पहिल्या पाळीहून वर आले की क्वार्टरच्या पायरीवर बसायचे. आंघोळीआधी, चहाआधी, तोंड उन्हाकडे करून. उन्हाळा असो की हिवाळा. मी नवी नवरी असल्यापासून तिथंच चहा नेऊन द्यायची आणि रोज कुरकुरायची, "आत या, लोक पाहून राहिले." सगळं आयुष्य मी त्या माणसाला उन्हात चहा दिला, आणि घर स्वतःचं झाल्यावर त्याच्यासाठी खाण खोदली. वर तिला दोरी लावली.

दुसऱ्या दिवशी ती बांबूची चिक घेऊन आली. बारीक काड्यांची, बुरडाकडून विणून घेतलेली, सुतळीनं वर ओढता येणारी. मी म्हटलं, ही गरिबाघरची वस्तू, भाचीनं पाहिलं तर काय म्हणेल? ती म्हणाली, "तुही भाची खिडकीत बसून राहिली का?" आणि चिक खिडकीच्या बाहेरून, छज्ज्याच्या खिळ्यांना टांगली, खालून दोन ठिकाणी बांधली, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. ऊन काड्यांवरच अडलं. आत आले ते फक्त त्याचे पट्टे, बारीक बारीक, पलंगावर, फरशीवर. हायवे दिसत होता, आणि रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नव्हतं.

तिनं मला नियमही सांगितले. पावसाळ्यात गुंडाळून ठेवजो, नाही त बुरशी लागते. काळी पडली त लिंबाच्या पाण्यानं पूस. स्वयंपाकघरात जे धुता येत नाही ते लावू नको. उत्तरेच्या खिडकीले काहीच लावू नको, तेथी ऊन येतच नाही, तिले उगाच कायले साडी नेसवते?

"अन ब्लाइंड्सचं का करू?"

"तुह्या झोपायच्या खोलीत एक ठेव. दुपारी घोरत असशील. बाकीचे कूलरवर झाक."

संध्याकाळी यांनी आपली खुर्ची स्वतःच आत आणली. कोणी बोलावलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले, बटणाकडे हात न नेता. यांच्या अंगावर उन्हाचे पट्टे पडले होते, हातावर, मांडीवर. काड्यांमधून बाहेर पाहत होते. मला म्हणाले, "ट्रक दिसून राहिले."

एवढंच. त्या उन्हाळ्यात ते पुन्हा शेडखाली बसले नाहीत.

ती नेहमी बरोबरच असायची, असं समजू नका. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंना तिनं ओट्याजवळच्या खिडकीला पांढरा पडदा लावायला सांगितला, म्हणे सकाळचं ऊन चांगलं पसरते. आठ दिवसांत त्यावर हळदीचा आणि तेलाचा नकाशा उमटला. तक्रार घेऊन गेल्या तर ही म्हणते, "पडदा माहा बरोबर होता. फोडणी तुही उडते." त्यांनी पुढं तिच्याशी बोलणं सोडलं, आणि ती मात्र रस्त्यात भेटली की त्यांना ओरडून विचारायची, "धुतला का वो?"

एकदा मी दुकानात बसले असताना नवीन घर बांधलेलं एक जोडपं पोराला घेऊन आलं. सगळ्या खिडक्यांना पट्ट्यांचे ब्लाइंड्स हवे होते, एकाच रंगाचे. ती म्हणाली, "राहायले गेले का?" ते म्हणाले, पुढच्या महिन्यात जाणार. "मंग एक उन्हाळा राहा त्या घरात. कोण्या खिडकीत कोण बसते ते पाहा. मंग या. अन पट्ट्यावर हायवेची धूळ बसते, ते पुसन कोण, हे बी आत्ताच ठरवून घ्या, नाही त भांडान." नवरा-बायको एकमेकांकडे पाहून निघून गेले, ते परत आलेच नाहीत. मी म्हटलं, असं गिऱ्हाईक हाकलते का कोणी? ती मशीनवर वाकली होती. बुद्धविहारासाठी पांढरे पडदे शिवत होती. म्हणाली, "जाऊ दे. पण त्याइची पश्चिमेची खिडकी पोराच्या अभ्यासाच्या टेबलावर येन पाहजो." त्या घरावरून जाताना ती दर वेळी मान वळवून पाहायची आणि जीभ टाळूला लावून च् करायची. गिऱ्हाईक गेल्याचं नाही, त्या पोराचं दुःख.

हे गेले त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. उन्हानं नाही, झोपेत गेले, पहाटे. त्यानंतर मी ती खोली बंद करून टाकली. चिक वर ओढून बांधली.

पडदेवालीही आता नाही. गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले तेव्हा लोक तिच्याबद्दल बोलत होते आणि प्रत्येकाच्या बोलण्यात कुठली ना कुठली खिडकी होती. मास्तरीणबाईसुद्धा आल्या होत्या. मी काही न विचारता मला म्हणाल्या, "धुतला होता मी तो, दोनदा." तिच्या दुकानात आता मोबाइलचे कव्हर मिळतात. त्या काउंटरवर पश्चिमेचं ऊन सरळ येतं, पोरगा कपाळावर हात धरून बसतो. मला रोज वाटतं, त्याला जाऊन सांगावं.

चिकेच्या काड्या आता पिवळ्याच्या तपकिरी झाल्या आहेत. हे लिहिताना कागदावर तिचे पट्टे पडलेत, अक्षर एक उजेडात, एक सावलीत. ट्रक दिसून राहिले आहेत.

ही खोली पुन्हा उघडली ती पडदेवालीनं. हे गेल्यावर महिन्याभरानं ती घरी आली होती, गुडघे धरत, थांबत थांबत. मी म्हटलं, ती चिक काढून ने, कोणाला तरी कामी येईल. ती बंद खोलीत गेली, चिक खाली सोडली, खिडकीकडे पाठ केली, डोळे मिटले आणि नेहमीचंच विचारलं, "खिडकीत कोण बसते?"

"आता कोणीच नाही," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "कोणीच नाही कायले म्हणते वो? तू का भूत होय? खुर्ची आन अन बस तेथी."