सही करणारा इसम

मी आयुष्यात एकदाच राजकीय परिषद भरवली, आणि तीही बैल वाचवण्यासाठी. आमची आक्का गेल्या महिन्यात गेली. तेव्हापासून ही हकीकत लिहीन म्हणतो. रोज चार ओळी होतात, त्यांतल्या दोन खोडतो.

आमचं गाव आष्टीच्या बाजूला, निजामाच्या मुलखाच्या अगदी काठावर. गावाखाली एक कोरडा ओढा. त्याच्या अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं नगर. घर आणि बरंचसं रान अलीकडे, एक लहान पट्टी पलीकडे. (पलीकडे औत धरणारा गडी दोन राजवटींची माती पायाला लावून जेवायला येई.) मी मॅट्रिक होऊन घरी पुस्तकं वाचत बसलो होतो आणि शेती आक्का पाहत होती. आक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर ती माहेरी आली, आणि आल्या दिवशीच तिने बैलांच्या शिंगांना तेल लावलं. तिला अक्षरओळख नव्हती. ढवळ्या आणि पाखऱ्या ही तिची बैलजोडी. घरात आधी त्यांचा मान, मग माझा.

त्या वर्षी आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी परिषद घ्यायचं ठरवलं. ठराव दोनच. शाळा मराठीत हव्यात, आणि सभा घ्यायला दर वेळी परवानगी मागावी लागू नये. (हा ठराव करण्यासाठी सभा घ्यायची परवानगी अर्थातच मागितली होती.) स्वागताध्यक्ष होते आमच्या गावचे जमीनदार दादासाहेब. चिटणीस होते आष्टीचे वकीलसाहेब. माझं अक्षर बरं म्हणून मी लेखनिक. मांडव कोणाच्या हुकमाने घालायचा यावर आमच्या ओसरीत तीन दिवस बैठक चालली.

"स्वागत करनार मी. मांडव मी म्हनल तिथं," दादासाहेब म्हणाले.

"घटनेप्रमाणे सगळे करार चिटणीस करतो," वकीलसाहेब म्हणाले.

"कुटली घटना?"

"मी लिहितो आहे ती."

मांडवाचं तोंड पूर्वेला की उत्तरेला यातच एक अख्खी दुपार गेली. (पूर्वेला दादासाहेबांचं घर होतं.) एकमेकांचे हुकूम रद्द करणारी पत्रं दोघांनीही मलाच सांगितली, आणि मी दोन्ही सुवाच्य अक्षरात लिहून काढली.

तिसऱ्या दिवशी नगरहून मांडव भाड्याने देणारे हुसेनभाई कनातवाले आले. आदल्या साली मोगलाईतल्या एका सभेत त्यांच्या कनाती जप्त झाल्या होत्या. त्यामुळे या वेळी ते करारनामा लिहूनच घेऊन आले होते. मी तो मोठ्याने वाचला. मांडव कुठे घालायचा ते सही करणारा इसम सांगेल. बंदी येऊन मांडव उभा राहिला नाही, किंवा कनाती जप्त झाल्या, तर सही करणाऱ्या इसमाची बैलजोडी हुसेनभाईंच्या दावणीला जाईल.



"वकीलसाहेब, घटनाच म्हनती तर तुमीच करा सही," दादासाहेब म्हणाले.

"छे छे! स्वागताध्यक्षांचा मान. मी कोण?"

"मी आपला आडानी मानूस."

तीन दिवस जो अधिकार दोघं एकमेकांच्या हातातून हिसकत होते, तो आता पंगतीतल्या शेवटच्या लाडवासारखा एकमेकांच्या पानात सरकवू लागले. हुसेनभाईंनी दौत पुढे केली. "भाई, किसी को तो करना पडेगा. सही कुणाची?"

टाक माझ्याच हातात होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "याचं अक्षर लई देखनं हाय," दादासाहेब म्हणाले. मला तो गौरव वाटला. मी सही केली आणि खाली झोकदार रेघही ओढली.

"बैल कुनाचे लिवले?" हुसेनभाईंची गाडी निघाल्यावर आक्काने विचारलं.

"आपले."

"आन् कावून रं?"

"अक्षर..." मी म्हणालो.

तिने डोक्यावर पदर घेतला आणि घाईघाईने बाहेर पडली. बैलांना पाण्यावर न्यायला गेली असेल, असं मला वाटलं.

परिषदेला दोन दिवस उरले असताना अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, उर्दू हुकूम घेऊन आले. वाचायला पुन्हा मीच. परवानगी नामंजूर. कनातींच्या गाड्या आमच्या दारात उभ्या होत्या. दादासाहेबांना त्याच दुपारी हिवताप भरला. वकीलसाहेबांना औरंगाबादेतला एक खटला आठवला. पेरणी तोंडावर आलेली. मी गोठ्यात जाऊन ढवळ्यासमोर उभा राहिलो. त्याने तोंड फिरवलं.

"रडतो कशापाई?" मागून आक्का म्हणाली. "मांडव कुटं घालायचा, कागदात काय लिवलंय?"

"सही करणारा सांगेल तिथं."

"मग सांग की. वड्याच्या पल्याड आपलं रान हाय. निजामाचा हुकूम वड्यापस्तोर."

 दोन्ही राजवटींचे इतिहास मी वाचले होते, पण दोघींच्या मधला ओढा कुठल्याच पुस्तकात आला नव्हता.

गावाने कनाती आणि बांबू खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला. मांडव उभा राहिला तसा दादासाहेबांचा ताप उतरला आणि वकीलसाहेबांच्या खटल्याला पुढची तारीख पडली. परिषदेच्या सकाळी पाहतो तो अध्यक्षाच्या एकुलत्या खुर्चीचा एक हात दादासाहेबांच्या हातात, दुसरा वकीलसाहेबांच्या. समोर पंचक्रोशी बसलेली.

"मांडवाचं तोंड उत्तरंला कुनी केलं?"

"आधी खुर्ची सोडा, मग सांगतो."

बायकांमधून आक्का उठली. एवढ्या पुरुषांपुढे त्या काळी कोणी बाई बोललेली मी पाहिली नव्हती. तिचा आवाज नेहमीचाच होता, बैलाला वळवताना असतो तसा.

"सही कुनाची?"

दोघांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"ज्याची जोखीम, त्याचा हुकूम. माजा भाऊ सांगल त्यो बसल."

मी उभ्या जन्मात मांजरालाही ऊठ म्हटलेलं नव्हतं. पण आपली बैलजोडी पणाला लागली आहे या विचाराने अंगात बळ आलं. मी दादासाहेबांना सतरंजीवर बसवलं, वकीलसाहेबांना पाण्याच्या रांजणापाशी, आणि स्वतः भाषणाला उभा राहिलो.

ओढ्याच्या मधोमध एका दगडावर अमीनसाहेब बसले होते. त्यांची नजर माझ्या पायांवर. बोलता बोलता मला स्फुरण चढलं. "मी कोणाला भीत नाही" असं म्हणत मी हद्दीकडे तीन पावलं टाकली. चौथं पडेना. मागून आक्काने उपरण्याचं टोक धरलं होतं. उरलेलं भाषण मी दावणीला बांधल्यासारखंच केलं.

दोन्ही ठराव पास झाले. जाताना अमीनसाहेब माझ्या भाषणाबद्दल आक्काला म्हणाले, "तकरीर अच्छी थी. रस्सी उससे अच्छी."

त्या भाषणाच्या जोरावर मी पुढे कितीतरी वर्षं गावात ताठ मानेने हिंडलो. आक्काच्या दहाव्याला हुसेनभाई आले, काठी टेकत. मी त्यांनाही तेच ऐकवलं, की मी घरचे बैल पणाला लावून बोललो होतो.

"कौनसे बैल, भाऊ?" ते म्हणाले.

"करारातले."

"वो तो कागज से उसी दिन कटे." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "वेशीपाशी ताईंनी माझी गाडी थांबवली. म्हणाल्या, बैल खोडा, माझ्या पेटीतल्या पाटल्या लिहा. अंगठा उठवला. आणि म्हणाल्या, भावाला सांगू नका, जोखीम हाय म्हनल्याबिगर त्याचं तोंड उघडत न्हाई."

ज्याची जोखीम, त्याचा हुकूम. म्हणजे दादासाहेबांना सतरंजीवर आणि वकीलसाहेबांना रांजणापाशी बसवलं ते आक्काने. पंचक्रोशीतलं सगळ्यात निर्भय भाषण ज्याने केलं, त्याचं पणाला काहीही लागलेलं नव्हतं. आणि ढवळ्याने त्या दिवशी गोठ्यात तोंड का फिरवलं, तेही आता उमगतं. घरात ही गोष्ट ठाऊक नसलेला मी एकटाच होतो.