मूळ भाषा लॅटिन, असं मी सांगितलं होतं

विचारलं नसताना सांगायची मला खोड आहे. तिचा आता मलाच वीट आलाय.

आमच्या कोरगावात मे महिन्यात वाड्यावरच्या क्रुसापुढे लादाईन होते. ही प्रार्थना जुन्या चालीवर लॅटिनमध्ये गातात; वडील गेल्यापासून ती मी गातो. अर्थ त्यांना कळत नव्हता, मलाही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी गाणं संपून उकडलेले चणे वाटताना माझी थोरली बहीण शेजारणीला बायबलातली एक गोष्ट सांगत होती. ती गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकली. चर्चची कोंकणी पुस्तकं रोमन लिपीत, ती तिला वाचता येत नाहीत. म्हणून एक जाडजूड मराठी बायबल ती रोज दुपारी, काजूचं काम आटोपलं की, ओळीवर बोट ठेवून वाचायची.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाय, तुझां तां भाषांतर. मूळ बायबल लॅटिनात. देवाचे खरे शब्द ते."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं. "खोटां कित्याक वाचू?" एवढंच ती म्हणाली. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

यंदा डिचोलीला आम्हा धर्मशिक्षण देणाऱ्यांचा वर्ग होता. पाद्रींनी विचारलं, बायबल मुळात कुठल्या भाषेत लिहिलं? सगळ्यांत आधी मीच ओरडलो, "लॅटिन!"

ते शांतपणे म्हणाले, "जुना करार बहुतेक हिब्रूत, थोडा अरामीत. नवा ग्रीकमध्ये. लॅटिन हे नंतरचं भाषांतर, मराठीसारखंच."

घरी येऊन लगेच सांगायचं ना? तीन आठवडे लावले. रोज जेवताना तोंड उघडायचं आणि माशांच्या हुमणात मीठ कमी आहे म्हणायचं! शेवटी एका दुपारी सांगून टाकलं, माफी मागितली.

ती भडकली. "तुझां पाप धुवून तू मोकळो झालस. दोन वर्सां घालवलस माझी, ती कोण देतलो? शाणो मोठो!"

मग पुस्तक काढलं, उघडलं, लांब धरलं, जवळ आणलं. "अक्षरां दिसनत नाय रे."

दोन वर्षांपूर्वी दिसत होती.

"मी वाचून दाखवतंय," मी म्हटलं.

"तू? तू मदीच शिकवूक लागतलस."

दुसऱ्या दिवशी पेडण्याला नेऊन तिचे डोळे तपासून घेतले. चष्मा आला त्या दुपारी ती पायरीवर वाचायला बसली. तिने माफ केलंय का, ते चेहऱ्यावर शोधत मी समोर उभा. तिने मान वर केली नाही.

"उजेड अडवतस. बाजूक सर."