कागदी लिंबावरची अळी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीच्या वर्षी शेळगावहून सकाळची एसटी धरून मी बारामतीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला गेले, ती वडिलांची, म्हणजे दादांची, अट डोक्यात घेऊन. दादा म्हणाले होते, "ए ग्रेड आण, मग पुण्याला चित्रकलेच्या कोर्सला धाडतो. न्हायतर गपगुमान इंदापूरला कॉमर्स." मी म्हटलं, "आणतेच! बघाच तुमी." तोंडानं मी तेव्हाही फटकळच.

निसर्गचित्राचा पेपर होता. प्रत्येकीच्या पुढ्यात एक फांदी, ती बघून काढायची. माझ्या वाट्याला कागदी लिंबाची आली, आणि तिच्यावर एक गुबगुबीत हिरवी अळी. बाकीच्या पोरींना नुसती फांदी, मला भाडेकरूसकट!

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं, की तीनशे वर्षांमागं युरोपात एक बाई घरात अळ्या पाळायची. लोक तेव्हा म्हणायचे, किडे चिखलातून आपोआप उपजतात. हिनं अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, सगळं डोळ्यांनी बघून, ती अळी ज्या झाडाचा पाला खाते त्याच झाडावर रंगवलं. पुढं कितीतरी बायकांनी किड्यांची चित्रं काढली, पण पुष्कळदा पुस्तकावर नाव भावाचं नाहीतर नवऱ्याचं. का म्हणून? माझं तर डोकंच फिरलं होतं. तेव्हाच ठरवलं, अळी दिसली की काढायची.

म्हणून काढायला घेतली. पण ती बया खायची थांबेना! मी पान रेखाटेपर्यंत तिनं निम्मं कुरतडलेलं. मी खोडून निम्मं पान काढलं, तोवर नुसती शीर उरली. पर्यवेक्षक सर आले आणि "अगं, ही घाण टाक की बाहेर," म्हणत त्यांनी तिला पेन्सिलीनं टोचलं. अळीनं डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला, की सर नाक धरून दारात. सगळा वर्ग खो खो हसला. "राहू द्या सर, मॉडेल आहे माझं," मी म्हणाले आणि शिंगंही चित्रात घेतली. अळी झकास जमली. पानं मात्र पुरी व्हायच्या आत घंटा झाली.

निकाल लागला, तर बी ग्रेड.

मी गोठ्यात जाऊन भोकाड पसरलं. कॉमर्स! मला मेलीला पाढेसुद्धा धड येत नव्हते. दादा मागोमाग आले. "पर झालं काय?" म्हणाले. मी हुंदके देत सगळं सांगितलं, शिंगांसकट. दादा तिथंच खाली बसून पोट धरधरून हसले.

"अगं, ती आपल्या लिंबावर बी हाय की! दर साली पानं खाती."

"मग? माझी ग्रेडपण खाल्ली तिनं."

"व्हय, खाल्ली," डोळे पुसत दादा म्हणाले. "उसाला खोडकिडा खातो, मुळं हुमणी खाती, लिंबू ही बया खाती. म्हणून आमी शेती सोडली व्हय? ऊठ. पुण्याची पिशवी भर."