गावंढळ नेमका राहतो कुठं?

आईनं सीमाच्या वडिलांना 'गावंढळ' म्हटलं, म्हणून मी मराठवाडा फिरून आले. थट्टा नाही! माझ्या धाकट्या भावाला, निखिलला, मराठवाड्यातल्या देवणीच्या सीमाशी लग्न करायचंय. तिचे वडील दत्ताराव पुण्याला आमच्याकडे जेवायला आले आणि जेवण झाल्यावर त्यांनी ताटातच हात धुतले. आईचा चेहरा असा झाला की विचारू नका. "असल्या गावंढळांत सोयरीक करायची नाही," तिनं सांगून टाकलं. निखिलनं मला गळ घातली, "ताई, तू घर बघून ये. आई तुझं ऐकते."

निघताना शब्दकोश उघडला. गावंढं म्हणजे लहानसं खेडं, तिथला तो गावंढळ. एवढंच? मग यात शिवी कुठून शिरली?

पुण्याहून नांदेडला थेट रेल्वे आहे, आरक्षण मात्र आधीच करा. स्टेशनबाहेर चहावाल्या चाचांना विचारलं, गावंढळ कोण हो? "भोकरकडची मानसं, ताई," ते हसत म्हणाले. कंधारच्या एसटीत शेजारी नेमक्या भोकरच्याच मावशी. "आमी? छ्या! आमचं तालुक्याचं ठिकाण हाय. गावंढळ बघायचे तर म्होरं कंधाराकडं बघ." कंधारचा किल्ला सकाळीच बघा, दुपारी दगड तापतात. तिथं भज्यांच्या गाडेवाल्याला विचारलं, तर तो बिचारा कळवळून म्हणाला, "तुमाला म्हनलं का कुनी?" आता काय सांगणार, कपाळ! भजी खाल्ली आणि निघाले.

उदगीरला गाडी बदलून देवणी. सीमाच्या दारातच काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी जातीची गाय. दत्ताराव, त्यांचा भाऊ आणि घराचा कारभार हाकणारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे सीमाची आत्या, अशी आमची पंगत बसली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. माझं आधी आटपलं. मी शहाण्यासारखी उठले आणि स्वतःचं ताट मोरीकडे न्यायला लागले. सगळ्यांचे हात थांबले.

"बाई, कुठं निघालीस? मानसं जेवायलेत अजून!" आत्या म्हणाल्या.

नंतर स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "दत्ता, पोरगी द्यायची कशी? पोराची बहीनच भरल्या पंगतीतून उठती, उष्टा हात घेऊन घरभर फिरती. लई गावंढळ मानसं दिसतेत."

मी? गावंढळ? कान तापले माझे. राग आला, लाजही वाटली, आणि कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना. सीमा ताटांतलं हात धुतलेलं पाणी गायीच्या घमेल्यात ओतत होती. "अन्नाचं शीत मोरीत जाऊ नये म्हणून ताटातच धुतेत," ती म्हणाली. मग हळूच, "ताई, आत्या न्हाई म्हनल्या तर बाबा म्होरं सरकायचे न्हाईत." तिचे डोळे भरले होते.

झालं! परीक्षा घ्यायला गेले आणि माझीच परीक्षा. संध्याकाळच्या पंगतीत पायाला मुंग्या आल्या तरी आत्यांचा शेवटचा घास होईपर्यंत बसून राहिले. ताटात हात धुवायला मात्र जीव धजेना. अर्धवट धुतले, अर्धे ओढणीला पुसले. आत्यांनी ते बघितलं. "शिकल," एवढंच म्हणाल्या.

घरी परतले, सामान अजून उघडलेलं नाही. ज्वारीचं पीठ आणि चटणी आत्यांनी बांधून दिलीय. पण शब्दाचं म्हणाल तर निघाले तेव्हापेक्षा जास्त गोंधळ आहे. ज्याला विचारावं तो पुढच्या गावाकडे बोट दाखवतो, आणि शेवटचं बोट माझ्याकडेच.

आई दारातच उभी होती. "मग? आहेत ना गावंढळ?"

"त्या आत्या आपल्यालाच म्हणाल्या," मी सगळं सांगून टाकलं.

"आपल्याला?" आईनं स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन डबे आपटले. मग बाहेर येऊन निखिलला म्हणाली, "फोन लाव त्या आत्याबाईंना. म्हणावं, घरच्या सगळ्यांना घेऊन जेवायला या. बघतेच, पंगतीतून आधी कोण उठतं ते!"