व्हर्लिनने पाय उचलला

व्हर्लिन स्टकीचं आयुष्य शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांखाली उताणं पडून गेलं. त्यानं दुरुस्त केलेल्या बसमधून शाळेत गेलं नाही, असं पोर इंडियानातल्या त्या गावात सापडलं नसतं. बोलणं बेताचं, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मिरवायला एकच गोष्ट होती, ऐन तरुणपणी घेतलेली नारिंगी प्लिमथ रोडरनर गाडी. आणि वेडही एकच, शर्यतीत ऑरिनच्या शेव्हरोले शेव्हेलला मागे टाकायचं.

ऑरिन क्रेब्स म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, लॉर्नाचा नवरा. त्या भागात गाडीची कंपनी वेगळी म्हणजे जवळजवळ जातच वेगळी. शेव्हरोलेवाल्याला मुलगी द्यावी लागली म्हणून त्यांचा बाप, म्हातारा स्टकी, लग्नात तोंड फुगवून बसला होता.

दोन्ही गाड्या जोरकस, पण स्वभाव निराळे. प्लिमथ अंगानं हलकी. हिरवा दिवा लागला की मांजरीसारखी उडी घ्यायची आणि अर्ध्या अंतरापर्यंत कुणाला जुमानायची नाही. शेव्हेलचं इंजिन भलंमोठं आणि अंगही जड. तिला सावरायला वेळ लागे, पण सावरली की शेवटच्या टप्प्यात अशी येई की कुंपणापाशी उभ्या माणसांची बोलणी थांबत. त्यामुळे निकाल लागायचा तो थेट रेषेपाशीच. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, शर्यतीचा ट्रॅक हिवाळ्यासाठी बंद होण्याआधी, दोघं पाव मैल पळत. एकदाच. हरणाऱ्यानं डुकराच्या मांसाचं टेंडरलॉइन सँडविच खिलवायचं. एवढ्या वर्षांत पारडं कुणाकडेच झुकलं नव्हतं, दोघांचे विजय सारखे होते.

"दाजी, तुझी म्हैस उठेस्तोवर मी घरी जाऊन जेवून येतो," व्हर्लिन म्हणायचा. दाजी म्हणायचं ते चिडवायलाच, एरवी दोघं शाळेपासूनचे दोस्त.

"मार उड्या," ऑरिन म्हणायचा. "बेडकाला दुसरं येतंय काय!"

मग एका उन्हाळ्यात ऑरिनला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी नाताळचीही आशा दाखवली नाही. ऑक्टोबरात तो भिंतीला धरत धरत बसच्या शेडमध्ये आला.

"रविवारी यायचं. बरोबरी मोडायचीय."

"तुला बसवतं तरी का रे?"

"मला बसायचंच तर आहे, पळायचंय तिला. एक शब्द दे मला. दया दाखवायची नाही. पाय तळापर्यंत."

व्हर्लिननं तेलकट हात पुसून त्याच्या हातात दिला. "दिला शब्द."

दुसऱ्या दिवशी लॉर्ना आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"व्हर्लिन, त्याला जिंकू दे."

"अगं, मी त्याला शब्द दिलाय."

"त्याला दिलास ना, मग मलाही दे. एकदा त्याला हसताना बघू दे रे मला. पुढचे दिवस मला त्या हसण्यावरच काढायचेत."

व्हर्लिन हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आई गेल्यावर लॉर्नानंच त्याला वाढवलं होतं. तिला नाही म्हणायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती.

रविवारी बोचरा वारा होता. ऑरिनची पँट कमरेवर दोरीनं बांधलेली. हिरवा दिवा लागला आणि प्लिमथनं उडी घेतली. व्हर्लिननं ॲक्सिलरेटरवर मनापासून पाय दाबला होता. अर्धं अंतर जाईपर्यंत त्याच्या डोक्यात ना लॉर्ना होती ना कर्करोग. मग मागून शेव्हेलचा घोगरा आवाज चढत आला, दारापाशी पोचला. पुढे कुंपणाला लागून लॉर्ना उभी दिसली, दोन्ही हात तोंडावर. व्हर्लिननं पाय उचलला. पापणी लवावी एवढाच. शेव्हेल पुढे निघून गेली.

ज्यानं उभा जन्म शेजारच्या पट्टीतून प्लिमथचं ते एक इंजिन ऐकलं, त्याला ते कुठं ढिलं पडलं हे सांगावं लागत नाही. ऑरिन गाडीतून उतरला. कुणाचा हात न धरता खाण्याच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. स्वतःच्या खिशातून दोन सँडविच घेतली आणि एक व्हर्लिनसमोर ठेवलं. टाळ्या वाजवत आलेली लॉर्ना ते बघून जागच्या जागी थांबली.

"दाजी, जिंकलास तू," व्हर्लिन म्हणाला.

"मी येत होतो का?"

"येत होतास."

"गाठलं असतं?"

व्हर्लिनला खरंच ठाऊक नव्हतं.

"बघ," ऑरिन सावकाश म्हणाला. "हरलो असतो तर हरून मेलो असतो, जिंकलो असतो तर जिंकून. तू माझं दोन्ही काढून घेतलंस."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. व्हर्लिन रोज संध्याकाळी त्याच्या उशाशी जाऊन बसायचा. हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या, बसगाड्यांच्या व्हायच्या, गाडीचं नाव ऑरिननं पुन्हा काढलं नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच तो गेला. शवपेटीला खांदा देताना व्हर्लिन लहान मुलासारखा रडला.

वसंतात ट्रॅक उघडला तेव्हा लॉर्नानं शेव्हेलच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. "दोन्ही पळवून बघ. मला कळू दे."

त्यानं आधी प्लिमथ पळवली, मग शेव्हेल. घड्याळात शेव्हेल पार मागे पडली. पण त्यात काही अर्थ नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तिचा गिअर कुठल्या क्षणी टाकायचा ते फक्त ऑरिनला माहीत होतं. त्या गाडीचा निम्मा वेग त्याच्या मनगटात होता, आणि ते मनगट नोव्हेंबरपासून मातीखाली होतं. आता जगातलं कुठलंच घड्याळ खरं सांगणार नव्हतं.

तो लॉर्नाच्या स्वयंपाकघरात आला. तिनं कॉफी ओतली.

"मग? गाठलं असतं त्यानं?"

"गाठलं असतं. खात्रीनं."

लॉर्नानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"हे खरं सांगतोयस," तिनं विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून?"

व्हर्लिननं तोंड उघडलं. कॉफी गार होईपर्यंत ती वाट बघत होती.