वसूअक्काचे रिकामे चौकोन

शनिवारी सकाळी देवासच्या घरी मी स्कूटर पुसत होतो, तेव्हा धारहून वसूअक्काच्या शेजारणीचा, जैन भाभींचा फोन आला. "भिया, दीदी दरवाजा नी खोल री हे. मैं तो कल ही मोहनखेडा से लौटी, सुबह से तीन बार आवाज दे दी..." मी तसाच निघालो. इंदूर ओलांडून धारला पोहोचेपर्यंत दार उघडलं गेलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते आणि वसूअक्का गेलेली होती. पहाटे केव्हातरी हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वसूअक्का म्हणजे माझी मावसबहीण वसुधा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, धारच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत लोकांनी मला इतकं छान छान ऐकवलं आहे की माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. हा लेख मी शांतपणे लिहितो आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

अक्का काय काम करायची हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. "हवेचं काहीतरी," एवढंच सगळे सांगायचे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, तरी मलाही तिला विचारावंच लागलं होतं. पृथ्वीच्या उत्तरेकडे मैलोन्‌मैल पसरलेली जंगलं आणि पाणथळ दलदली आहेत. त्या किती कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि किती बाहेर टाकतात याचं गणित ती संगणकावर मांडायची. तिने मला समजावलं ते असं... "हे बघ भिया, तू गल्लीत उभा आहेस. हिंगाचा वास आला. वारा कुठून आहे ते बघितलं, घरं किती ते माहीत आहे. मग सांगता येतं ना फोडणी कोणाकडे पडली? बस, तेच. फक्त माझी गल्ली जरा लांब आहे." आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या संस्थानची दफ्तरं लिहिली. हिने हवेचं दफ्तर लिहायला घेतलं, आणि जुन्या दफ्तरदारांचा सगळा काटेकोरपणा तिच्यात उतरला होता.

त्या काटेकोरपणाचा प्रसाद मलाही मिळाला आहे. उत्तरेकडच्या एका थंड देशात बरीच वर्षं काढून, मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा अक्का धारला परतली आणि तिथलंच काम इथे बसून करू लागली. तिने खिडकीत एक छोटं यंत्र ठेवलं होतं, हवेतला तो वायू मोजणारं. रोज सकाळी त्याचा आकडा ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. कॅलेंडर दर वर्षी जैन भाभी मोहनखेड्याच्या तीर्थाहून आणून द्यायच्या. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आपणहून म्हटलं, आण, तुझे आकडे संगणकात चढवून देतो. मध्ये मध्ये काही चौकोनांत "मा. ना." लिहिलेलं होतं. मी मास्तर माणूस, रकाना मोकळा राहिलेला मला बघवत नाही. त्या सगळ्या जागी मी शून्य भरलं. धारची हवा एकदम हिमालयासारखी शुद्ध निघाली आणि अक्का दोन दिवस यंत्र उघडून त्यातला बिघाड शोधत बसली. माझा पराक्रम कळल्यावर ती रागावली नाही, हसली. "मा. ना. म्हणजे माहीत नाही रे. मी तुझ्याकडे देवासला आली होती त्या दिवशी. हवा होतीच ना इथे? मी नव्हती." मी म्हटलं, मग आदल्या दिवशीचा आकडा टाकून द्यायचा. "टाक ना. पण मग लिही की अंदाज आहे म्हणून. शून्य नाही लिहायचं, कधीच नाही." मला ओशाळल्यासारखं झालं, पण तेवढ्यापुरतंच.

ती माझ्यावर हसली, कारण अगदी हेच तिच्याबरोबर मोठमोठे लोक करत होते. त्या दलदली हिवाळ्यात बर्फाखाली जातात. यंत्रं गोठतात, माणसं गाशा गुंडाळून घरी जातात, आणि वसंतापर्यंत तिथून एकही आकडा येत नाही. म्हणून गणितात काय धरायचं? तर शून्य. दलदल झोपली, श्वास बंद. अक्का म्हणत होती की बर्फाखालचा चिखल आतून पुरता गोठत नाही, तो थोडं थोडं सोडतच असणार, आणि तिथे कोणी गेलेलंच नाही तर "माहीत नाही" असं स्पष्ट लिहा. प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले, त्याने निष्कर्ष कमजोर दिसतो. तिने पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी तिने प्रकल्पाच्या शोधनिबंधावरून स्वतःचं नाव काढून घ्यायला लावलं, आणि पुढच्या वर्षी तिचा करार वाढवला गेला नाही. मी तेव्हा इतका भडकलो होतो! म्हटलं, अक्का, भांड, ओरड, सगळ्या जगाला सांग. ती भाजी निवडत म्हणाली, "झोपलेला माणूस पण श्वास घेतो ना? कोणीतरी जाऊन बघेल तर दिसेलच." आणि तिचं काम ती बिनकराराचं, बिनपगाराचं करत राहिली.

कोणीतरी गेलं. हिवाळ्यात टिकतील अशी यंत्रं लावली, आणि बर्फाखालून श्वास निघाला. मग त्याच प्रमुखांनी नवा निबंध लिहिला. "आम्हाला पूर्वीपासून शंका होतीच" अशा थाटाचं एक वाक्य त्यात आहे, मी स्वतः वाचलं आहे. आम्हाला म्हणजे कोणाला हो? ज्या बाईला शंका होती तिला तुम्ही घरी बसवलंत! ती गेल्याची बातमी कळल्यावर याच गृहस्थांनी मला पत्र पाठवलं, की वसुधा फार काटेकोर होत्या, त्यांची उणीव भासेल. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे. मी उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही.

पण दूर देशच्या माणसाला शिव्या देणं सोपं आहे. आमच्या घरच्यांचं काय? दहाव्याला सगळे जमले होते. जी माणसं वर्षानुवर्षं तिच्या दारी फिरकली नाहीत ती म्हणत होती, "किती छान मरण आलं! कोणाला त्रास नाही दिला, शांतपणे गेली." मी विचारलं, काकासाहेब, तुम्ही होतात का तिथे? शांतपणे गेली हे तुम्हाला कोणी सांगितलं? मामी माझा दंड धरून म्हणाली, "जाऊ दे ना रे, आता काय फायदा?" मी जाऊ दिलं नाही. जे बोलायचं नव्हतं तेही बोललो, आणि जेवण तसंच टाकून तिच्या खोलीत निघून आलो.

खोलीत खिडकीतलं यंत्र चालूच होतं. दार लावून बसलो तसा आकडा हळूहळू चढायला लागला. माझ्याच श्वासाने. आम्ही दोघं गप्पा मारत बसायचो तेव्हा तो भराभर चढायचा, आणि अक्का म्हणायची, "बघ, तू जास्त बोलतो आहेस." मग मी भिंतीकडे बघितलं. वर्षाच्या सुरुवातीपासून एकही चौकोन तिने सोडला नव्हता. एका बुधवारपर्यंत आकडे होते. गुरुवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे ती गेली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत, नऊ चौकोन, काहीच नाही. आकडा नाही, मा. ना. नाही. पलंगाजवळ एक पेला होता, आणि स्वयंपाकघरात कित्येक दिवसांत चूल पेटलेली नव्हती, असं भाभी म्हणाल्या होत्या. पलंगापासून भिंत चार पावलांवर आहे. नऊ दिवस तिला तेवढंही जमलं नसेल, आणि आम्ही सगळ्यांनी त्या नऊ दिवसांत शून्य भरून टाकलं होतं... काही झालं नाही, त्रास नाही, शांत.

पेन्सिल तिथेच दोऱ्याला बांधलेली होती. मी एकेका चौकोनात लिहीत गेलो. गुरुवार, मा. ना. शुक्रवार, मा. ना. शनिवार, मा. ना. रविवारपाशी हात थांबला. दर रविवारी मी तिला फोन करायचो. त्याही रविवारी केला होता. पूर्ण वाजला, तिने उचलला नाही, आणि मी मनाशी म्हटलं, कामात असेल.

त्या चौकोनात मा. ना. लिहिता येत नव्हतं. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं: फोन वाजला. मी पुन्हा केला नाही.