कानेलची पाठ

एलोदी अमिरोच्या गुडघ्यांनी होडीत चढायचं नाकारलं, त्या वर्षी तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या. तिचा कुत्रा कानेल शिकून तयार झाला तर किनाऱ्यावरूनच बदकं मारून हिवाळा काढायचा. नाहीतर घराला कुलूप घालून दिराच्या घरी, एका कोपऱ्यात जाऊन बसायचं. आमच्या खाडीवर बंदूक चालवणारी ती एकटीच बाई. कोपरा तिला थडग्यापेक्षा अरुंद वाटे.

कानेल तांबड्या केसांचा, वर्षाचा. पाण्यातून आणून देणं तो पटकन शिकला. सरावासाठी फेकलेला, पिसं बांधलेला मोजा असा आणी, की एक पीस मोडत नसे. अडत होतं ते आणण्याच्या आधीच्या कामात. नोव्हा स्कोशियाच्या या टोकाला शिकारीचं कुत्रं आधी पाण्याकाठी खेळतं. माणूस दगडांच्या आड लपून काठी फेकतो, कुत्रं धावतं, आणतं, पुन्हा धावतं. हा काय प्रकार म्हणून लांबची बदकं पोहत जवळ येतात. कानेल मात्र काठी उचलली की जागीच थांबून एलोदीकडे बघत राही. बदकं तेवढ्यात सावध होत.

दीर सिरील एकदा बघायला आला. "वहिनी, चर्चमध्ये तुम्ही वेदीकडेसुद्धा बघत नसाल, एवढ्या भक्तीने हा तुमच्याकडे बघतोय. हा बदकांना सांगतोय, म्हातारी तिथे बसलीय म्हणून."

"म्हातारी कोण रे?"

"बरं, तरुणी. पण खोली तयार आहे हं. हिने पडदेसुद्धा लावलेत."

"काढून ठेव म्हणावं. उगाच मळतील."

तो गेल्यावर ती कुत्र्याकडे बघत बसली. आजवर प्रत्येक काठीला तिचा शाबासकीचा एक शब्द, मानेवर एक थाप. तो तेच शोधत होता. ही सवय तिनेच लावली होती. आता तिनेच मोडायची.

दुसऱ्या दिवसापासून ती मुकी झाली. रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून काठी फेकायची, आणलेली घ्यायची, पुन्हा फेकायची. घरातही तेच. उरलेल्या बटाट्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवून पाठ फिरवायची. पहिले काही दिवस तो काठी तिच्या मांडीवर ठेवून वाट बघे. तिचा हात उठे. ती तो मांडीखाली दाबून धरी, मुंग्या येईपर्यंत. मग हळूहळू त्याने वाट बघणं सोडलं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी थवा लांब पाण्यावर होता. काठीमागून काठी गेली. कानेल धावत राहिला, मान एकदाही वळली नाही. बदकं जवळ आली, आणखी जवळ. एलोदी दगडाला धरून उठली, थवा उडाला, बार झाला. एक बदक पडलं.

"आण."

त्याने ते पोहत आणलं, अलगद तिच्या पायाशी ठेवलं. आता हरकत नव्हती. तिने हात पुढे केला. पण तो कधीच वळून काठावर जाऊन उभा राहिला होता, तिच्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत.

ती त्या ओल्या पाठीकडे थोडा वेळ बघत राहिली. खाडीच्या वळणापलीकडे दुसरा थवा उतरत होता. तिने काडतूस भरलं आणि खाली बसून काठी फेकली.